उभ्याने वेचलेला कापूस

सारासार विचार ही माणसाला मिळालेली सर्वात मोठी देणगी आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या गावात आलेल्या पाहुण्यांनी देवळासमोरच्या मांडवात हे वाक्य उच्चारलं, वाघाला घाबरू नका असं बजावलं, आणि ऊन उतरायच्या आत गाडीच्या काचा वर करून राळेगावकडे निघून गेले.

त्याच आठवड्यात शेजारच्या गावात वाघाने कापूस वेचणारी एक बाई मारली होती. वेचताना कमरेला बांधतात ती ओटी तिच्याजवळच सापडली. भरलेली. तेव्हापासून भरदुपारी वाऱ्याने तूर हलली तरी माणसं जागीच थांबत, आणि का थांबलास, असं कुणी कुणाला विचारत नसे.

आमचं नाल्याकाठचं वावर पांढरंशुभ्र फुटलं होतं आणि वेचायला बाया येत नव्हत्या. वहिनी त्यांच्या घरी जाऊन ओसरीवर बसून आली. मग दादाला म्हणाली, "उभ्यानं हाताले लागन तेवढाच वेचायचा. खालचा राहू द्या."

"खालचाच तं चांगला असते! तो काय वाघाच्या गादीले ठेवाचा?"

"वाकलेलं माणूस त्याले माणूस दिसत नाही. वासरू दिसते. पटत नसन तं तुमी वाकून दाखवा, मी दुरून पाह्यते."

दादाने वाकून दाखवलं नाही.

बाया घोळक्याने आल्या. एक म्हणाली, "काकू, हे आमच्या सासूले येऊन सांगा ना. ती तं सारा दिवस वाकवते." सगळ्या हसल्या. तेवढ्यात नाल्याकडून टिटवी ओरडली आणि हसू मध्येच तुटलं. त्यानंतर ती रांग ताठ उभ्याने नुसती वेचत राहिली. मी बांधावर डबा वाजवत होतो. शिकल्यासवरल्या माणसाला देण्यासारखं तेवढंच काम होतं.

वेचणी झाली तेव्हा कपाशीची पऱ्हाटी वरून हिरवी आणि गुडघ्याखाली पांढरी दिसू लागली. येणारे-जाणारे दादाला गाठून विचारायचे, "काहून गा, यंदा पऱ्हाटीले पायजमा घातला का?" दादा हसायचा, आणि घरी येऊन जेवायचा नाही.

पहाटे फिरायला गेलो की रस्त्यावरून तो खालचा पांढरा पट्टा मला दिसे. एकदा त्यात कुणीतरी वाकलेलं दिसलं. मी पाय उचलला आणि मागे पाहिलं नाही. कुणाला सांगितलंही नाही. गावात खरा वाघ असताना भुताला घाबरणं शोभलं नसतं.

शहाणपणाची अडचण अशी, की ते कामी आलं तर काहीच घडत नाही, आणि न घडलेलं कुणाला दाखवता येत नाही. आमच्या बायांना काही झालं नाही. त्यामुळे गावाच्या मते वहिनीने चांगला माल मातीत घातला होता.

पुढे वाघ दूर कुठेतरी पकडला गेला. नाल्याकाठच्या झाडांना बांधलेले कॅमेरे काढायला आलेला वनरक्षक आमच्या अंगणात आला आणि त्याने मोबाइलवर दोन फोटो दाखवले. पहिल्यात धुक्यात, आमच्या वावरात, दादा एकटाच कमरेत वाकून खालचा कापूस वेचत होता. दुसरा त्याच सकाळचा, त्याच ओळीतला, थोड्या वेळानंतरचा. त्यात वाघ होता. जमीन हुंगत होता.

वहिनीने फोटो बराच वेळ पाहिले.

"कवा गेलते?"

"दूध आणाले जातो म्हणलं, तवा."

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ जिथून वाकली होती, नेमका तिथे. मग बराच वेळ तो तिथेच राहू दिला.

वनरक्षकाने जाताना दोन्ही फोटो दादाला पाठवून दिले. वाघाचा स्पष्ट आला आहे. दादाचा हललेला आहे.