वाकलेला चिमटा

सायकलवरून जाताना रस्त्यातल्या मोरीच्या कठड्याला धडकले तेव्हा मला नुसतं खरचटलं, पण सायकलचा पुढचा चिमटा पार वाकला. मुलगा म्हणाला, “विकून टाक.” सून म्हणाली, “कुणाला तरी देऊन टाका.” मोडकी वस्तू द्यायची म्हणजे आपली अडगळ दुसऱ्याच्या दारात लोटायची, मला ते जमत नाही.

सायकल दुकानात नेली. दुरुस्ती करणारे यासीनभाई चिमटा चाचपत म्हणाले, “बाई, हा वाकला म्हणून तुमचा हात वाचला.”

आपल्यासाठी काय काय असं मुकाट वाकत असेल!

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या शांताबाई रोज पायी येतात. नवा चिमटा बसवून सायकल त्यांना दिली. जुना चिमटा घरी आणला. दसऱ्याला विळी-कात्रीशेजारी तोही मांडला आणि झेंडूचं पहिलं फूल त्यालाच वाहिलं.