भूषणच्या नावाची मूठ

देवीशी भांडून घराबाहेर पडलेला माणूस तिच्या कृपेचं काय सांगणार, असं कुणालाही वाटेल. पण खोटं कशाला बोलू, मी रागातच निघालो होतो. सुरतेत पांडेसऱ्याला माझं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे; मूळचे आम्ही खानदेशातले. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरी कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढतात. ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. माझा एकुलता एक भूषण तापाने फणफणला तेव्हा मी तिच्यापुढे डोकं आपटलं, नवस बोललो. पोरगा गेलाच. पुढच्या श्रावणात थोरले भाऊ नाना गहू काढायला बसले, सगळ्यांची नावं घेतली आणि भूषणचं गाळलं. "गयेलनी मूठ लेतस नही रे," ते खाली मान घालून म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सूप उधळून मी कानबाईला तोंडावर सुनावलं, "पोरगा खाल्लास, आता त्याचा वाटाही खा!"

त्यानंतर नानांशी बोलणं बंद आणि देवघराकडे पाठ. पुन्हा श्रावण जवळ आला तसं घर मला खायला उठलं. भूषणला एकट्याने मोटारसायकलवर रशिया फिरायचा होता, भिंतीवर त्याने नकाशा लावून ठेवला होता. म्हटलं, तिकडेच जावं. कानबाई बसेल तेव्हा मी सुरतेतच नको. लोकांनी वेड्यात काढलं. बायको मात्र दारात एवढंच म्हणाली, "जा, पन तिनावर राग धरीसन नका जाऊ." मी तिच्यावरही खेकसलो.

तिकडे आल्ताय नावाचा डोंगराळ मुलूख आहे. भाड्याची गाडी घेऊन मी त्या रस्त्याला लागलो. रविवारी दुपारी ओल्या खडीवर गाडी घसरली, क्लचचा दांडा मोडला आणि माझं मनगट टम्म सुजलं. आयुष्यभर लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या आणि स्वतःच्या गाडीला हात लावता येईना! चिखलात बसून मी कानबाईला शिव्या घातल्या. हो, चक्क शिव्या. "इथंही पाठ सोडत नाहीस होय?" तेवढ्यात दुधाची बादली घेतलेली एक म्हातारी समोर उभी राहिली. माझ्याकडे पाहून तिनेही काहीतरी शिवीसारखंच पुटपुटलं, बादली खाली ठेवली आणि सरळ गाडी ढकलायला लागली.

तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. फोनला रेंज नव्हती. तिने मनगटाला कसलासा उग्र वासाचा लेप लावून फडकं बांधलं, तापल्या दगडांच्या वाफेच्या खोलीत मला बसवलं आणि मग जेवायला वाढलं. रश्श्यात मांस दिसलं. श्रावण पाळायचं सोडलं असं मी म्हणत होतो, पण हात पुढे जाईना. मी वाटी सरकवली, तिने परत सरकवली. मी पुन्हा सरकवली. तिने कपाळावर हात मारला, बडबडत वाटी उचलली आणि बटाटे, काकड्या, दाट आंबट साय, मुरंबा, चहा असा ढीग मांडला. "अगं माय, पोट आहे की कोठार?" मी ओरडलो. ती माझ्यावर दुप्पट ओरडली.

मग तिने ब्रेड आणला. घरी भाजलेला, गोल, जाड, थेट आमच्या रोटासारखा. आज कानबाई बसली असेल हे तेव्हा मला आठवलं. पहिला तुकडा कापून ती कोपऱ्यातल्या फोटोपाशी गेली. तरुण मुलगा होता. तिने फोटोसमोर भरलेला पेला ठेवला आणि त्यावर तो तुकडा ठेवला. मी बोटाने विचारलं. तिने दोन्ही हातांचा पाळणा करून झुलवला, मग हात रिकामे पसरले. "अल्योशा," ती म्हणाली.

गेलेल्या पोराचा वाटा. पहिला वाटा! माझ्या आत काहीतरी फुटलं. मी भूषणचा फोटो फोनवर काढून तिच्यापुढे धरला आणि ढसाढसा रडलो. तिने दुसरा पेला भरला, दुसरा तुकडा कापला, फोन माझ्या हातून घेऊन अल्योशाच्या फोटोला टेकवून उभा केला. मग तिसरा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

ती कोण होती यावर मला वाद घालायचा नाही. तिच्या शेजाऱ्याने दांडा बसवून दिला, तिने उरलेला ब्रेड बांधून दिला, मी परत आलो. माझा राग गेला का? सगळा नाही. पण देवीपुढे राग बाहेर काढून ठेवूनच बसावं लागतं असं थोडंच आहे? तोही तिच्याच ओटीत टाकला, बाकी तिचं ती बघेल.

यंदा श्रावणात मी स्वतःहून सुपाजवळ बसलो. नानांनी नावं घेतली, शेवटी थांबले. "भूषणची मूठ मी काढू?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी गहू काढल्यावर मीही हात घालून आणखी सव्वा मूठ काढली.

"ही कोणाची रे?" नाना चमकले. "बाहेरच्याची चालत नाही."

"बाहेरचा नाही. भाऊबंदच आहे."

नानांनी सूप जवळ ओढलं. म्हणाले, "नाव सांग. कानबाईसमोर नाव घ्यावं लागतं."