एका पुठ्ठ्यात दोन पुस्तकं

मी बाइंडर आहे. पुस्तकं वाचत नाही, शिवतो. पानं लावायची, टाके घालायचे, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा आणि वजनाखाली दाबून ठेवायचं. वाचत बसणारा बाइंडर उपाशी मरतो, असं माझे वडील म्हणायचे, आणि ते एकही पान न वाचता सुखानं म्हातारे झाले. हे आधीच सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ माझ्या या शहाणपणापायी झाला.

ही गोष्ट मात्र माझी नाही, आमच्या वाचनालयाच्या बाईंची आहे. देवघेवीच्या टेबलाशी बसणाऱ्या, पन्नाशीच्या, सडपातळ. कोणी पुस्तक फाडून आणलं तरी त्यांचा आवाज चढत नाही आणि कोणी तोंडभर कौतुक केलं तरी चेहरा हलत नाही. सभासद पाठीमागे त्यांना ‘बर्फाची लादी’ म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही, कारण मी त्यांना नऊ वर्षांपूर्वी पाहिलं आहे. तेव्हा त्या आणि त्यांची धाकटी बहीण दुपारी डबा खाताना इतक्या हसायच्या की वाचनकक्षातले म्हातारे वर्तमानपत्र खाली करून डोळे वटारायचे.

धाकटी एका दवाखान्यात खिडकीशी बसून पेशंटांचे नंबर पुकारायची. पुकारून झालं की जुन्या फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूवर भुताच्या गोष्टी लिहायची. त्यातल्या सात गोष्टींचं तिनं स्वतःच छापून घेतलेलं पुस्तक म्हणजे ‘पाचव्याचे कपडे’. छप्पन्न पानं, पातळ कव्हर. पहिली प्रत तिनं थोरलीच्या हातात ठेवली. बाईंनी तिथल्या तिथे शिक्का मारून, दाखल क्रमांक घालून ती कपाटात लावली. घरचंच पुस्तक आहे, कधीही वाचू, असं त्या म्हणाल्या होत्या. ते ‘कधीही’ काही आलं नाही. सहा महिन्यांत धाकटी गेली. चार दिवसांचा ताप, बस. घर रिकामं करताना तिच्या नवऱ्यानं उरलेले गठ्ठे रद्दीत घातले. त्या माणसाला मी आजही बोललो असतो, पण त्याचंही डोकं त्या वेळी ठिकाणावर नव्हतं.

बाई पंधरा दिवसांनी कामावर आल्या आणि थेट त्या कपाटाकडे गेल्या. पुस्तक तिथे नव्हतं.

त्यांनी सगळं वाचनालय पालथं घातलं. मलाही विचारलं. मी नाही म्हणालो, आणि खोटं बोलत नव्हतो. मग हळूहळू त्या थिजल्या. रडताना त्यांना कोणी पाहिलं नाही. मला एकदा म्हणाल्या की आत काही हलतच नाही, दात काढण्याआधी सुई देतात तसं झालंय. त्यानंतर त्यांनी भयकथा वाचायला घेतल्या, आणि त्याही फक्त बायकांनी लिहिलेल्या. धाकटीच्या जातकुळीच्या बायका शोधत असाव्यात. डबा खाताना वाचायच्या आणि पान उलटताना चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही.

पुढल्या वर्षापासून त्यांनी दरवर्षी दाराजवळच्या लांब टेबलावर पंधरा दिवसांचं प्रदर्शन मांडायला सुरुवात केली : ‘भय लिहिणाऱ्या बायका’. कार्यवाहांना भारी गंमत वाटली. बायकांनी वेगळी भुतं कशाला लिहायला हवीत, आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ थेट प्रयोग असतो, असं म्हणून ते स्वतःच हसले. बाईंनी हसू ओसरेपर्यंत वाट पाहिली आणि परवानगीच्या कागदावर त्यांची सही घेतली. प्रत्येक पुस्तकापुढे त्या आपल्या अक्षरात कार्ड ठेवायच्या : ही शाळेत गणित शिकवायची, हिनं सासूच्या आजारपणात उशाशी बसून लिहिलं, हिला पहिलं पुस्तक छापायला एकसष्टावं वर्ष उजाडलं. लोक आधी कार्डं वाचायचे, मग पुस्तकं न्यायचे. टेबल चार दिवसांत अर्धं व्हायचं. मधोमध मात्र एक जागा मोकळी असायची. तिथल्या कार्डावर धाकटीचं नाव, पुस्तकाचं नाव आणि खाली दोन ओळी : ‘प्रत गहाळ. कोणाकडे असल्यास आणून द्यावी, काहीही विचारलं जाणार नाही.’

आठ वर्षं ते कार्ड तिथे राहिलं. कोणी काही आणून दिलं नाही.

यंदा प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी मी शिवलेले गठ्ठे घेऊन गेलो होतो. समोरच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या बाई टेबलापाशी उभ्या होत्या. त्यांनी ते कार्ड वाचलं आणि विचारलं की हे गहाळ कसं, ते तर विणकामाच्या पुस्तकात आहे ना. बाईंना काही कळलं नाही. शिवणवाल्या बाई हस्तकलेच्या कपाटाकडे गेल्या आणि तपकिरी रेक्झिनचं एक जाडसर पुस्तक घेऊन आल्या. ‘स्वेटरचे सोपे नमुने’. मागून उघडून त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

मी शिवण पाहिली. निळा दोरा. तो दोरा या भागात मी एकटाच वापरतो.

आमच्या धंद्यात पातळ पुस्तक एकटं बांधत नाहीत. ते कपाटात उभं राहत नाही, मागे घसरून पडतं. म्हणून एका मापाची दोन पातळ पुस्तकं एका पुठ्ठ्यात घालायची, दोन्हींची कव्हरं काढून टाकायची, आणि दुसऱ्याचं नाव चिठ्ठीवर लिहून ग्रंथपालाला, म्हणजे इथे बाईंना, द्यायचं, म्हणजे नोंद होते. हे पुस्तक बांधायच्या गठ्ठ्यातून माझ्याकडे आलं त्या पंधरवड्यात बाई रजेवर होत्या. आल्या की तोंडी सांगू म्हटलं. त्या आल्या तेव्हा त्यांच्याकडे बघवेना, आणि मी गप्प राहिलो. नंतर त्यांनी पुस्तकाचं नाव घेऊन विचारलं तेव्हा मला नाव माहीतच नव्हतं. मला पुस्तकं मापानं आठवतात. मी हे सगळं तिथेच, सगळ्यांदेखत सांगितलं. बाईंनी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त मान हलवली.

शिवणवाल्या बाई तोवर सांगत होत्या की आम्हा बायकांत हे सगळ्यांना ठाऊक आहे. विणकामाचं घे, पण मागून वाच, असं एकमेकींना सांगतो. जिनं जन्मात सुई धरली नाही तिनंही चारदा नेलंय. पहिल्या गोष्टीत चौघांच्या घरात धुण्यात रोज एक कपडा जास्त निघतो, आधी झबलं, मग फ्रॉक, रोज थोडा मोठा. “मी अजून दोरीवरचे कपडे मोजते,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला ठाऊकच असेल असं वाटलं. शिक्का तर तुम्हीच मारायचात.”

बाईंनी परतीच्या तारखांची पट्टी उघडली. एकावर एक तीन पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, सगळ्या भरलेल्या. त्यांनी तारखांवरून बोट फिरवलं. एकूण एक शिक्का त्यांच्या हातचा होता.

मी म्हणालो की आजच उसवतो, वेगळं बांधून देतो, नाव सोनेरी अक्षरात घालतो. त्यांनी नको म्हटलं. बायकांना जिथे सापडतं तिथेच राहू दे, म्हणाल्या. त्यांनी नोंद तेवढी केली आणि पुस्तक मधल्या मोकळ्या जागी ठेवलं. प्रदर्शन संपल्यावर मात्र ते स्वतःच्या सभासद-कार्डावर घेतलं.

महिना झाला तरी पुस्तक परत येईना. बायका विचारून जायच्या. शेवटी एका दुपारी, वाचनकक्ष रिकामा असताना, मीच विषय काढला. त्यांनी खण उघडला. पुस्तक तिथेच पडलं होतं, घरी नेलंच नव्हतं.

“एवढ्या जणींनी वाचलं,” त्या म्हणाल्या. “मी एकटीनं नाही. ती होती तेव्हाही नाही. आता उघडायची भीती वाटते, काका.”

मी खुर्ची ओढली, पुस्तक घेतलं, मागचा भाग उघडला आणि मोठ्यानं वाचायला लागलो. शाळा सुटल्यापासून मी मोठ्यानं काही वाचलं नव्हतं. जोडाक्षरांना अडखळत होतो, ओळी चुकत होत्या, स्वतःची लाजही वाटत होती. तिसऱ्या पानावर आई दोरीवरून शाळेचा गणवेश काढते आणि त्याच्या खिशात तिच्याच अक्षरातली चिठ्ठी निघते. तिथे बाईंनी बाही वर सरकवली.

हातावर काटा उभा राहिला होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा. त्या हाताकडे बघतच राहिल्या, आणि मग त्यांचा बांध फुटला. मी वाचायचं थांबलो.

“थांबू नका,” त्या रडत म्हणाल्या. “चिठ्ठीत काय आहे?”