हैदराबाद ते पुणे: सव्वा तास आणि परवा

१२ ऑक्टोबर, रविवार. कुकटपल्ली.

आठ महिने या ब्लॉगवर काही लिहिलं नाही, माफ करा. कुणी विचारलंही नाही, म्हणून माफी बेताचीच मागते.

पुण्याला जायचं ठरलं ते दादाच्या फोनमुळे. "आई विसरायला लागलीय. एकदा येऊन बघ."

नेटवर पाहिलं तर हवाई अंतर पाचशेच्या आसपास किलोमीटर, वेळ सव्वा तास. हा आकडा धावपट्टीवरच घर असणाऱ्यांसाठी आहे. बाकीच्यांनी असा हिशोब धरावा: कॅबवाल्याचं "पाँच मिनट में आरूं मॅडम" म्हणजे वीस मिनिटं. पुढे शमशाबादपर्यंत सव्वा तास. विमानतळावर दोन तास आधी पोचून एक डोसा, ज्याच्या किमतीत शहरातल्या कोठी बाजारात दोघांचं जेवण झालं असतं. लोहगावला बॅगेची वाट (बॅग हातातच ठेवा, ऐका माझं), मग कोथरूडपर्यंत सिग्नल. सकाळी साडेआठला निघालेल्या आम्ही दोघी, मी आणि माझी मुलगी सई, दुपारी साडेतीनला आईच्या दारात.

"किती दिवसांनी आलात गं!" आई म्हणाली.

सई सोळा वर्षांची, जन्मापासून हैदराबादची. ती लाडात म्हणाली, "काय आजी, परवाच तर आलो होतो!"

आईचं हसू तिथेच थांबलं. ती स्वयंपाकघरात गेली. मागोमाग गेले, तर कॅलेंडरवर दुधाच्या नोंदींवरून बोट फिरवत होती.

"परवा... मी काय वाढलं होतं गं तुम्हाला?"

खरं सांगते, मोह झाला. हे असंच राहू दिलं असतं, तर आम्ही शेवटचं कधी आलो ते कुणी मोजलं नसतं.

"आई, आमच्याकडे परवा म्हणजे परवा नसतो. तिकडे 'परसों' म्हणजे मागचा कुठलाही दिवस. आपण भेटलो त्याला दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं?" आईचा चेहरा उजळला. "तेच तर म्हणते मी! सईच्या दातांना तार होती तेव्हा! म्हणजे तुम्ही आलाच नव्हतात!"

आपण न आल्याचा एवढा आनंद कुणाला झालेला मी पाहिला नाही. तिने लगेच दादाला फोन लावला. "ऐकलंस का रे, या दोघी दोन वर्षं फिरकल्या नाहीत, मला पक्कं आठवतंय!"

रात्री आमटीत मीठ दोनदा पडलं होतं. ते विसरण्यात धरायचं की गडबडीत, हे मला दोन दिवसांत ठरवता आलं नाही. सईने मात्र दोन वाट्या आमटी मागून घेतली.

आज परतलो. नेटवरचा आकडा खोटा नाही, विमानाला सव्वा तासच लागतो. दोन वर्षं लागली ती मला निघायला.

उद्या: नोव्हेंबरची तिकिटं काढणे.