कवापासनं?

जगातल्या प्रत्येक गोष्टीला कधीतरी सुरुवात झालेली असते, यावर आमच्या दाजींचा जेवढा विश्वास आहे तेवढा ब्रह्मदेवाचाही नसेल. ब्रह्मदेव जग निर्माण करून मोकळा झाला. दाजी अजून चौकशी करत आहेत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. आटपाडीचा माणूस. अंगाने काटकुळा, पण आवाज ओढ्यापलीकडची मेंढरं वळवणारा. सातवीत इतिहासाच्या पेपरातून उठून बाहेर आले ते पुन्हा शाळेत गेलेच नाहीत. थेट तमिळनाडूत गलाईच्या दुकानात कामाला लागले. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून त्यातलं हीण जाळून काढायचं काम. आमच्या भागातली कितीतरी पोरं या कामासाठी मुलूख सोडून जातात. पोरवयापासून भट्टीपुढं बसून दाजींना एक खोड लागली. समोर येईल ती गोष्ट खरी मानायच्या आधी तापवून बघायची. त्यासाठी त्यांच्याकडे एकच शब्द आहे: "कवापासनं?"

एकदा विट्याहून येताना रस्त्याकडेच्या हॉटेलावर पाटी दिसली, 'पूर्वीपासून प्रसिद्ध मिसळ'. आम्ही भुकेने कासावीस, आणि दाजी पाटीखाली उभे. "मालक, पूर्वीपासनं म्हंजे कवापासनं?" मालक कढईवरची नजर न उचलता म्हणाला, "आखाडापासनं." तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. दाजींनी मिसळ खाल्ली, झकास आहे म्हणाले, आणि हात धुताना त्याला सल्ला दिला, "पाटीवर आखाड घाला की. खोटं कशाला? मिसळ खरी हाय."

त्यांच्या स्वतःच्या लग्नातही हेच. मेव्हणीने नवरदेवाचे बूट लपवायचे आणि काहीतरी हातावर पडल्याशिवाय द्यायचे नाहीत, ही रीत मी मैत्रिणींकडून ऐकून तयारीत होते. बूट नेऊन ज्वारीच्या कणगीत खुपसले. दाजी मुंडावळ्या बाजूला सारत म्हणाले, "हे आपल्यात कवापासनं?" मी म्हटलं, "पहिल्यापासनं." "आसं? तुझ्या आज्याच्या लग्नात आज्याच्या पायात बूट हुतं व्हय?" मांडवात आज्याचे सोबती बसलेले. त्यांनी एकमुखाने साक्ष दिली की आजा अनवाणीच बोहल्यावर चढला होता. मागून कुणीतरी म्हणालं, "टीव्हीतनं आलंय ते." पण मीही आमच्या आबांची लेक, बूट काढून दिले नाहीत. आणि ज्याचा उगम टीव्हीत आहे त्या रिवाजापुढं वाकायचं नाही म्हणून हा गडी अनवाणी वरातीत बसला. बूट आमच्याच घरी राहिले. आबा ते घालून डाळिंबाच्या बागेत जायला लागले.

एक मात्र सांगितलं पाहिजे. दाजींचा प्रश्न नेहमी बरोबर असतो, उत्तर क्वचितच. मी कॉलेजात असताना त्यांना सांगून बसले की मिरची मूळची आपल्याकडची नाही, दर्यापलीकडून आली. माणूस आठवडाभर जेवणात लक्ष देईना. मग मात्र जिथं मटणाच्या जेवणाला जातील तिथं यजमानाच्या तोंडावर सांगू लागले, "पांडव बिनतिखटाचं खात हुतं. म्हणून तर वनवास सोसला त्यास्नी." मी दुरुस्तीला गेले, "दाजी, तेव्हा मिरी होती की." तर म्हणाले, "तू पुस्तक वाचलंयस, मी रस्सा पिलोय. गप बस."

आयुष्यात त्यांना त्यांच्या तोलामोलाचा एकच माणूस भेटला, तो सांगलीत. माझ्या आईचा गुडघा दाखवायला ते तिला घेऊन गेले होते, मीही सोबत होते. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?" दाजी खुर्चीत सावरूनच बसले. आई म्हणाली, "लय दिस झालं." "आसं नगा सांगू आत्ती," दाजी म्हणाले. "मेंढरं इकली तवा दुखत हुतं का? न्हाई. मग पाठीवर पंप घेऊन डाळिंबाला फवारा माराय लागलासा, तवापासनं." डॉक्टरांनी आधी पंप बंद केला, मग गोळी लिहून दिली. गाडीत बसल्यावर दाजी मला म्हणाले, "ह्येला म्हंत्यात शिकलेला माणूस. गोळी द्यायच्या आदी इतिहास इचारतो. आपल्या लोकास्नी आदी गोळी पायजे."

मी साताऱ्यात शाळेत इतिहास शिकवते. दरवर्षी एखादा पोरगा उभा राहून विचारतोच, "बाई, कुठला राजा कवा मेला हे पाठ करून ऊस वाढतो का?" वाढत नाही. पण मी शिकले, आमच्या खानदानात पहिली पदवी माझी, ती मुळात दाजींच्या त्या एका शब्दामुळे.

बारावी झाल्यावर मला साताऱ्याला कॉलेजात जायचं होतं, हॉस्टेलवर राहून. आबा वाईट माणूस नव्हते. मेंढरं विकून कोरडवाहू रानात बाग उभी केली होती, त्यांना काय कळत नव्हतं असं नाही. पण त्यांनी एका वाक्यात विषय मिटवला: "आपल्यात पोरी बाहेरगावी ठेवत न्हाईत." प्रवेशाची मुदत संपत आलेली, आणि एक स्थळही सांगून आलेलं. मी चुलीपाशी बसून भाकरी जाळत होते. दाजी सुट्टीला आले होते. दुपारच्या जेवणाला बसल्यावर त्यांनी भाकरी मोडत विचारलं,

"मामा, कवापासनं?"

"काय कवापासनं?"

"पोरी ठेवत न्हाईत ते."

"पहिल्यापासनं, जावयबापू."

"हिच्या आदी आपल्यात कुणाची पोरगी बारावी झालीया?"

"न्हाई."

"मग जाऊ का म्हणून इचारलं कुणी, आन् न्हाई म्हणालं कोण?"

आबांनी तांब्या उचलला आणि बराच वेळ पाणी प्यायले.

"बरं ते ऱ्हाऊ द्या," दाजी म्हणाले. "तुमची आई दसरा झाला की कुठं असायची?"

"कुठं म्हंजे? मेंढरांमागं."

"हितंच, आटपाडीत?"

"हितं काय खायाला घालती मेंढरास्नी, माती? साताऱ्यावरनं पार खंडाळ्यापातूर जायची आमची माणसं. पाऊस पडला की माघारी."

"आन् ऱ्हायाचं कुठं?"

"रानात. मेंढरांभोवती वाघर लावायची, दोरीची जाळी."

"आन् आईभोवती?"

आबांना हसू आलं. "आईभोवती काय, कुत्री."

"म्हंजे दार न्हवतं."

"कशाचं दार?"

"साताऱ्याच्या हॉस्टेलाला दार हाय, दाराला कडी हाय, कडीपाशी एक बाई बसलीया. तुमची आई त्याच साताऱ्याच्या रानात उघड्यावर ऱ्हायली, ते चाललं. हिनं दाराआड ऱ्हायचं म्हटलं तर चालत न्हाई. म्हणून इचारलं मामा, कवापासनं?"

आबा उठले. हात धुतला, दारात जाऊन पायात ते लग्नातले बूट चढवले आणि बागेकडे निघाले. चार पावलं जाऊन मागे न बघता आईला म्हणाले, "सोमवारी भाकरी लवकर बांध. साताऱ्याची गाडी सकाळचीच हाय."

म्हणून मी वर्गातल्या पोरांना सांगते, सनावळ्या विसरलात तरी चालेल. पण कुणी 'पहिल्यापासनं' म्हणालं, की तेवढा एक शब्द विचारायला विसरू नका.

गेल्या वर्षी भाचीचा, म्हणजे आक्काच्या लेकीचा, फोन आला. ती निमलष्करी दलात निवडली गेली होती. ट्रेनिंग उत्तरेत कुठेतरी, पुढची नेमणूक देशाच्या कुठल्याही टोकाला. आवाज मात्र रडवेला. "मावशी, पप्पा न्हाई म्हणत्यात. आपल्यात पोरी वर्दीत चालत न्हाईत म्हणत्यात." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. हे वाक्य या माणसाच्या तोंडात?

शनिवारी शाळा सुटल्यावर एसटी धरून मी आटपाडी गाठली. दाजी आता धंदा आवरून गावीच असतात. ओट्यावर बसले होते. एरवी माझ्या पर्सपासून एसटीच्या भाड्यापर्यंत सगळ्याचा उगम विचारणारा माणूस, त्या दिवशी नुसतं "ये" म्हणाला. आक्काने चहा आणला. भाची दाराच्या चौकटीला टेकून उभी. मला धीर होईना. ज्याने तो शब्द मला दिला, त्याच्यावरच तो उगारायचा? शेवटी कप खाली ठेवला.

"दाजी, कवापासनं?"

'पहिल्यापासनं' म्हणणं अगदी सोपं होतं. गावात कुणी हटकलं नसतं. पण हिणकस माल शुद्ध म्हणून द्यायला हा माणूस कधी शिकलाच नव्हता.

"मंगळवारपासनं," ते म्हणाले.

"आं?"

"मंगळवारी तिचं बोलावणं आलं. तवापासनं आपल्यात चालत न्हाई."

आक्का म्हणाली, "आन् तुमी न्हवं का मिसरूड फुटायच्या आदी गेलावता तमिळनाडूत?"

"व्हय. म्हणून तर." दाजींनी धोतराच्या टोकाने उगाच कपाचा कान पुसला. "पहिलं वरीस लय रडलो मी. मालकाला वाटायचं भट्टीचा धूर लागतोय डोळ्यास्नी."

इतकी वर्षं मी रूढींचा इतिहास शिकवते, पण रूढी जन्माला येताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. चार दिवसांची होती. बापाचा जीव घाबरला, घाबरलो म्हणायची लाज वाटली, एवढंच तिचं मूळ. कुणी विचारलं नसतं तर ती वाढली असती, दाजींच्या नातवंडांनी तिला 'पहिल्यापासनं' म्हटलं असतं.

दाजींनी उरलेला चहा एका घोटात संपवला. मग भाचीकडे न बघता म्हणाले, "तिकडं बूट कसलं लागत्यात ते इचारून घे. उद्या बाजारात जाऊन बघू." आणि मला म्हणाले, "आन् तू जर हिचं बूट लपवलंस, तर ह्या बारीला मी न्हाई इचारायचा कवापासनं."

भाचीला जाऊन आता वर्ष होत आलं. मध्यंतरी आटपाडीला गेले होते, तेव्हा तिचा फोन आला होता. दाजी फोनवर तिला तिकडच्या पावसाचं विचारत नव्हते, की जेवणात मिरची कुठून येते तेही. त्यांचा जुना शब्द तेवढा ऐकू आला, पण अर्धाच. मागचं 'पासनं' कुठेतरी गळून गेलं होतं.

"कवा?" ते विचारत होते. "यायचं कवा?"

सुट्टीचं अजून नक्की नाही, असं पलीकडून ती म्हणाली असावी. "बरं बरं," दाजी म्हणाले. तिने फोन ठेवला, तरी ते तो तसाच कानाला लावून बसले होते.