ऊन दिलेलं पीठ

रविवार, १८ मे. दहिसर, सोसायटीचा हॉल. वैशाली कांबळेचं पुण्यानुमोदन. हजर: तिची थोरली बहीण सुशीलाअक्का, शेजारचं एक जोडपं, तिच्याकडे शिकलेल्या तीन मुली आणि मुलुंडच्या कॉलेजात तिच्याबरोबर प्राणिशास्त्र शिकवणारी मी. प्राचार्यांचा फक्त हार आला.

वैशाली कुणाच्याही घरी गेली की आधी पिठाचा डबा उघडायची. माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हाही तेच. "शी, एकही नाही! तुझ्याकडे येऊन काय उपयोग?" तिला पिठातले तांबूस किडे हवे असायचे. त्यांच्या डीएनएचा मोठा हिस्सा म्हणजे एकच छोटा मजकूर, पुन्हा पुन्हा लिहिलेला. त्याला कचरा म्हणणारे पुष्कळ. "आधी स्वतःचा माळा आवरा म्हणावं," ती म्हणायची.

वर्गात ती एक गाणं कागदावर लिहून त्याचे तुकडे करायची. "लावा." मुली कडवी बरोबर लावायच्या. मग उरायच्या ध्रुवपदाच्या चिठ्ठ्या, सगळ्या सारख्या. "आता सांगा, कुठली कुठे? आणि किती वेळा म्हटलं? आमचे बाबा रंगात आले की ध्रुवपद सोडायचेच नाहीत. तुकड्यांवरून नाही कळत गं, अख्खं गाणं ऐकावं लागतं."

अख्खं गाणं ऐकायला डीएनएचा लांब, सलग धागा लागतो, आणि तो जिवंत, ताज्या किड्यांतूनच नीट निघतो. तिचे किडे दहिसरच्या एका जुन्या चक्कीतले. चक्की पाडून तिथे टॉवर आला. तिने मात्र तो वंश पिठाच्या बाटल्यांत, पिढ्यान्‌पिढ्या जगवला होता. लांब धागा वाचणाऱ्या यंत्रावर कधी नव्हे तो आमचा नंबर लागला आणि त्याच सुमारास तिची पोटदुखी कॅन्सर निघाली. प्रयोगशाळेच्या छताचं काम निघालं म्हणून सगळ्या बाटल्या तिने घरी नेल्या होत्या. ती हॉस्पिटलात, किडे तिच्या फडताळात. ठरल्या दिवशी मी तिथूनच ते उचलायचे होते.

मी गेले तेव्हा अक्का परभणीहून येऊन पोचल्या होत्या. ओट्यावर बाटल्या पालथ्या घातलेल्या, लख्ख घासलेल्या.

"बघा की मॅडम, पोरगी कामात इतकी बुडाली, पिठात किडे झालेले दिसले न्हाईत तिला. समदं गच्चीत पसरून ऊन दिलं, चाळलं. घरी आली की चांगल्या पिठाची भाकर खाईल."

गच्चीच्या कोपऱ्यात चाळणीतला गाळ पडला होता. एकही हलत नव्हता. अक्कांनी केलेला चहा पिऊन मी हॉस्पिटल गाठलं.

"उचललेस?" वैशालीने विचारलं. खोटं बोलणं मला जमत नाही. सगळं सांगितलं. तिने भिंतीकडे तोंड केलं. तिकडेच बघत म्हणाली, "ऊन दिलं?"

"हो."

"आईपण असंच द्यायची." मग माझं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर उरला असेल असं वाटलं नव्हतं. "अक्काला कळता कामा नये. मी काय, चालले. तिला अजून जगायचंय यार."

पुढच्याच आठवड्यात ती गेली.

आज वंदना झाली, खीर वाटून झाली. मुलींनी गाण्याच्या चिठ्ठ्यांची आणि कॉलेजात जपलेल्या किड्यांची आठवण सांगितली. मग अक्का माझ्याजवळ येऊन बसल्या.

"मॅडम, वैशूचे ते किडे आता कॉलेजात कोण बघतं?"

मी म्हटलं, "बघू काहीतरी."

"एक बाटली मला द्या. गावी नेते. लेकरासारखं सांभाळलं म्हणतात तिनं, मीबी सांभाळीन. खातात काय, तेवढं सांगून ठेवा."

खुर्च्या परत गेल्या. हॉलची चावी दिली. हार उतरवून फोटो घरी पोचवला. किडे काय खातात, ते अक्कांना सांगायचं राहिलं आहे.