वर पाहण्यासाठी कोरियाला

आकाशाकडे पाहिल्याशिवाय माणसाला स्वतःचे लहानपण कळत नाही, असे मी श्रीवर्धनच्या शाळेत तीस वर्षे शिकवले. पुढे सहा वर्षे मला आकाश दिसले नाही. त्या काळात माझे लहानपण मला इतरांनी वेळोवेळी कळवले; आकाशावाचून काही अडले नाही.

कारण माझी मान. मला मणक्यांचा संधिवात आहे. तरुणपणी सकाळी उठताना कंबर आखडायची, त्याला मी बाकांवर बसून वह्या तपासण्याचा परिणाम समजत होतो. मणके एकमेकांना चिकटत गेले, पाठीला बाक आला आणि निवृत्तीनंतर वर्षभरातच हनुवटी छातीला टेकली ती टेकलीच. उभा राहिलो की मला माझे पाय आणि पुढची चार हात जमीन दिसे. आरामखुर्चीत कलंडलो तर समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची शेवटची ओळ दिसे, म्हणजे महिनाअखेर मला नेमकी कळायची. हातात छोटा आरसा धरून वर पाहण्याचा प्रयोग मी एकदा केला, आणि विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरलो. बायकोने आरसा काढून घेतला.

माणसे मी चपलांवरून ओळखू लागलो. यात तोटा फारसा नाही. सभेत वक्ता वर देशाच्या भवितव्याविषयी बोलत असताना खाली त्याचा अंगठा चपलेच्या पट्ट्याशी काय चाळे करतो, हे मला दिसायचे. भाषण किती वेळ चालणार याचा अंदाज मी अंगठ्यावरून बांधत असे, आणि तो सहसा चुकत नसे.

खरी अडचण होती वाडीची. आमची वाडी सुपारीची, मधूनमधून माड. तिच्यात पाहण्यासारखे जे काही आहे ते तीस-चाळीस फुटांवर आहे. पोफळीचे घोस वर, नारळ वर, झावळ्या वर. खाली नुसते खांब. मी वाडीचा मालक होतो, पण ऐकीव माहितीवर. ही माहिती आमचा गडी देई. पायात दोरीचा फास अडकवून तो पोफळीवर सरसर चढे आणि मी खाली उभा राहून जमिनीला विचारी :

"काय रे, कसं हाय वर?"

"बेस हाय गुरुजी!" असे आकाशातून उत्तर येई.

मग चक्रीवादळ आले. एका दुपारीत आमची अर्धी वाडी आडवी झाली. अंगणात गुडघाभर झावळ्या आणि मोडलेले शेंडे पडले होते, म्हणून मला आठ दिवस घराबाहेर सोडले नाही. मी एकच प्रश्न विचारत होतो : विहिरीजवळचे तीन माड. मी शाळेत जाऊ लागलो त्या वर्षी वडिलांनी ते लावले होते.

"उभे हायत गुरुजी," गडी म्हणाला.

नवव्या दिवशी मी जाऊन तिन्ही बुंध्यांना हात लावून आलो. खरोखर उभे होते. त्या दिवसापासून त्यांचे शिपणे मी स्वतःकडे घेतले. रोज सकाळी पाटाचे पाणी वळवून तिघांची आळी भरायची, मग चहा. अधूनमधून बायको शहाळे पुढे ठेवी आणि म्हणे, "विहिरीजवळच्या माडाचं आहे हो." त्याचे पाणी वाडीतल्या इतर कुठल्याही शहाळ्यापेक्षा गोड लागे, असे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

मला त्या तिघांचे शेंडे एकदा पाहायचे होते. बायको म्हणे, वय झाले, वर पाहून करायचे काय आहे. पण मला पाहायचे होते.

मुंबईच्या डॉक्टरांनी सरळ सांगितले. मान तोडून पुन्हा सरळ बसवावी लागेल. काम नाजूक आहे. हातपाय जाऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. "मी करीन," ते म्हणाले, "पण ही माझी मान असती तर मी ज्यांच्याकडे हे शिकलो त्यांच्याकडे गेलो असतो." ते गुरू होते कोरियात. आमची मुलगी तिथल्याच एका कंपनीत नोकरी करते. तिने फोनवर एवढेच म्हटले, "बाबा, विचार करत बसू नका. मी खोली आवरून ठेवते."

आम्ही जाणार हे कळल्याबरोबर गावाने माझा सत्कार ठरवला. मी अजून काहीही केले नव्हते, पण परदेशी जाऊन मरण्याची शक्यता हाही एक पराक्रम धरला जातो. हार घालायला जागा नव्हती. तो डोक्यावरून घातला आणि कानांवर अडकला. प्रमुख पाहुण्यांच्या पायांत नवे कोल्हापुरी जोडे होते आणि ते चावत होते. वक्त्यांनी विज्ञान, भारतीय संस्कृती आणि श्रीवर्धनचे नाव यांचा परस्परसंबंध सांगितला. उत्तरादाखल मी माझ्या तीन माडांविषयी बोललो. वादळात अर्धी वाडी गेली, पण ते तिघे डगमगले नाहीत. मीही त्यांच्याच भरवशावर निघालो आहे, असे म्हणालो. सभागृह एकदम शांत झाले. कोणीतरी खाकरले. पुढच्या रांगेतल्या चपला मागे सरकल्या. माझ्या बोलण्याने लोक इतके हलतील असे मला वाटले नव्हते.

कोरियात पहिल्याच दिवशी माझी विद्या निकामी झाली. इस्पितळातले सगळे लोक एकसारख्या पांढऱ्या रबरी चपला घालत होते. कोण डॉक्टर, कोण नर्स, कोण झाडूवाला, काही कळायला मार्ग नव्हता. मी दोन दिवस एका माणसाला माझ्या आजाराचा सगळा इतिहास इंग्रजीत सांगितला. तो जेवणाची ताटे उचलायला येत होता.

दुसरी गंमत अशी की तिथे भेटल्यावर वाकून नमस्कार करतात. समोरचा जितका वाकेल तितके किंवा त्याहून जास्त वाकायचे. मी आधीच जितका वाकलेलो होतो तितके तिथे कोणी राजापुढेही वाकत नसेल. लिफ्टमध्ये, दारात, गल्लीत माणसे मला पाहून थबकत आणि कमरेतून खाली जात. एक म्हातारे गृहस्थ इतके खाली आले की मला त्यांचा चेहरा दिसला. सहा वर्षांत घरच्यांखेरीज ज्यांचा चेहरा मला आपणहून दिसला असे ते पहिलेच. पाहून बरे वाटले.

सर्जनने मुलीला बाजूला घेतले नाही. त्याने मला खुर्चीत बसवले, स्वतः जमिनीवर मांडी घालून समोर बसला आणि काय काय होऊ शकते ते एकेक करून सांगितले. मुलगी भाषांतर करत होती. मधेच तिचा आवाज थांबला, ती पाणी प्यायली आणि तिने पुढचे सांगितले. बायको दाराशी होती. तिने नंतर विचारले, "काय म्हणाले?"

"म्हणाले, सोपं आहे."

"मग पोरगी का रडली?"

"भाषा अवघड आहे."

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळपासून काही खायचे नाही, प्यायचे नाही, असे मला तीन वेळा सांगितले होते आणि मी ते काटेकोर पाळले. सकाळी मला आत नेले. माझा गळा सरळ नसल्याने मी जागा असतानाच श्वासाची नळी घालायची होती. त्यासाठी भूल देणाऱ्या बाईंनी दिवा घेऊन तोंडात पाहिले. पाहून त्या थांबल्या. मग दुसरे एक डॉक्टर येऊन पाहून गेले. मग मुलीला आत बोलावले, आणि तिच्या मागोमाग तिची आईही आली.

"बाबा, या विचारताहेत तुमच्या गालात हे लाकूड कसलं आहे?"

"लाकूड नव्हे. सुपारी आहे. आपली रोठा."

"बाबा! काही खायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"मी काही खाल्लेलं नाही."

"मग हे काय आहे?"

"सुपारी."

"अगं, सुपारी का कुणी खाण्यात धरतं?" बायको मदतीला आली. "एकादशीला चालते ती."

मुलीने तिच्याकडे पाहिले. "आई, तू दिलीस?"

"दोनच खांडं. रात्रभर चंची चाचपत होते ते. वर पाण्याचा थेंब नाही दिला हो मी."

मुलीने एकादशी कोरियन भाषेत समजावून सांगितली. त्याला बराच वेळ लागला. भूल देणाऱ्या बाईंनी सगळे आदराने ऐकून घेतले, मला वाकून नमस्कार केला आणि शस्त्रक्रिया दोन दिवस पुढे ढकलली. माझी सुपारीची चंची एका पारदर्शक पिशवीत गेली आणि पिशवीवर माझे नाव, खोलीचा क्रमांक आणि काहीतरी लाल अक्षरांत चिकटवण्यात आले. आमच्या वाडीच्या मालाला इतके गंभीरपणे यापूर्वी कोणी घेतले नव्हते.

दोन दिवसांनी, रिकाम्या गालांनी, मी पुन्हा आत गेलो. नळी घालताना मी तीन माड मोजत होतो. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. कितव्यांदा झोप लागली ते आठवत नाही.

जाग आली तेव्हा समोर छत होते.

पांढऱ्या चौकोनांचे, एका कोपऱ्यात ओलीचा पिवळा डाग असलेले साधे छत. मी ते कितीतरी वेळ वाचत पडलो. कोणीतरी म्हणाले, बोटे हलवा. हाताची हलवली. पायाची हलवली. वीसच्या वीस हलली. पलीकडे सर्जन हसला असावा, कारण नर्सही हसल्या. मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो. मला तो ओलीचा डाग सोडवत नव्हता.

पाचव्या दिवशी उभे केले. डोक्याभोवती लोखंडी कडे होते, त्याचे चार दांडे खांद्यांवरच्या कवचाला जोडलेले. नजर मात्र सरळ समोर. सहा वर्षे बायको माझ्याशी बोलायचे तर पाटावर बसत असे, म्हणजे मला तिचे तोंड दिसे. आता ती समोर उभी होती. आम्ही दोघांनी एकमेकांना उभ्याने पाहिले. ती तिच्या पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता उभ्याने भांडता येईल."

मुलीच्या केसांत पांढरे आले होते. ते मला कोणी कळवले नव्हते.

कड्यामुळे मला आता मुळीच वाकता येत नव्हते. त्याच लिफ्टमध्ये, त्याच गल्लीत तेच लोक कमरेतून वाकत आणि मी ताठ. आठवड्याभरात मी त्या इमारतीतला सर्वांत नम्र माणूस होतो तो सर्वांत उद्धट झालो. मला त्याचा जराही खेद वाटला नाही. मी जिने चढलो, दुकानांच्या पाट्या पाहिल्या, एका पुलावर उभे राहून विमाने पाहिली. मुलीच्या घरी तीन महिने काढले, कडे निघाले आणि आम्ही परत आलो.

श्रीवर्धनच्या वेशीवर फटाके होते. दुसरा सत्कार त्याच सभागृहात झाला. हार या वेळी सरळ गळ्यात पडला. गुरुजींमुळे तालुक्याची मान उंचावली, हे वाक्य चौघांनी म्हटले. प्रमुख पाहुण्यांचा चेहरा मी प्रथमच पाहिला. त्यांचे जोडे अधिक बोलके होते. उत्तरादाखल मी म्हणालो, उद्या सकाळी मी माझे माड पाहणार. सभागृह पुन्हा शांत झाले. आता चपलांऐवजी चेहरे दिसत होते, आणि सगळे चेहरे माझ्या बायकोकडे पाहत होते.

सकाळी ती म्हणाली, "आज नको. प्रवासाने दमलात."

"दमलो नाही."

"ऊन आहे."

"सात वाजलेत."

गड्याला हाक मारली तर त्याला दुसऱ्याच्या वाडीत अचानक काम निघाले होते.

मी एकटाच मागच्या दाराने वाडीत गेलो, पहिल्या पोफळीला धरून, गुडघे वाकवून मागे कलंडलो आणि वर पाहिले. घोस पिकून केशरी झाले होते. झावळ्यांच्या फटींतून आकाश दिसत होते, हातरुमालाएवढे, आणि झावळी हलली की त्याचा आकार बदले. मी खांबांचा मालक नव्हतो. मी मोठ्याने हसलो. हसताना मान मागे गेली नाही, ती आता कुठेच जात नाही, पण हसू वरच्या दिशेने गेले. मग डोळे वर लावून, एकदा पाटात पाय घालून, विहिरीपर्यंत पोचलो.

वडिलांचे तिन्ही माड सरळ, ताठ उभे होते. तीस फुटांवर ते संपत होते. शेंडा नाही, झावळी नाही, नारळ नाही. मधल्या माडाच्या टोकाला भोक होते आणि त्यातून एक पोपट माझ्याकडे पाहत होता.

बायको मागे येऊन उभी राहिली होती.

"वादळात गेले शेंडे," ती म्हणाली. "तुम्ही रोज इतक्या मायेनं शिपत होतात, कसं सांगणार?"

"आणि शहाळी?"

"शेजारच्यांची."

गडी खोटे बोलला नव्हता. माड उभेच होते. मी चार वर्षे रोज सकाळी चहाच्या आधी तीन खांबांना पाणी घालत होतो.